टॉमच्या खुर्चीवरच्या विभावरीबाई

ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या स्टेशनापासून पाच मिनिटांवर एक ऑप-शॉप आहे, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. विभावरी घैसास दर बुधवारी तिथे जात. घ्यायचं काही नसे. पण सहासष्टाव्या वर्षी परक्या देशात मुलाच्या घरी राहणाऱ्या बाईला दुपारचं जायला एक ठिकाण लागतं, आणि मॉलमध्ये माणूस चकरा तरी किती मारणार? कुणाच्या लग्नातला काचेचा बाउल, कुणाच्या आजीचा लोकरीचा गुंडा, असलं काहीबाही उलटंपालटं करत त्या तासभर काढत आणि एखादी सुरी घेऊन घरी येत. मग सुधाकरराव पेपरातून मान वर न करता म्हणत, "आलं का आणखी एक भंगार?" सुधाकरराव म्हणजे त्यांचे यजमान. पेपर वाचताना, जेवताना, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतसुद्धा बोलणारे.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका बुधवारी, थंडीने बोटं वाकडी झालेली असताना, त्या चमच्या-काट्यांची टोपली ढवळत होत्या. हाताला एक जड, गुळगुळीत वस्तू लागली. बोटभर लांबीचा, अंगठ्याएवढा जाड स्टीलचा दांडा, एक टोक गोल घासलेलं. बाईंनी तो डाव्या हातात घेतला. अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, तर्जनी वरून. हात आपोआप तसा झाला. चार वर्षांत झाला नव्हता.

काउंटरवरच्या बाई बघत होत्या. उंच, खांद्याने रुंद, पांढऱ्या केसांची वेणी, छातीवर बिल्ला: हुइया. दर बुधवारी फुकट काम करायला येणाऱ्यांपैकी. आजवर दोघींत 'किया ओरा', म्हणजे इथल्या मूळच्या माओरी लोकांचा नमस्कार, आणि 'थँक्यू' याच्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

"ते काय आहे माहितीये तुला?" हुइयाने विचारलं.

"गिटारचा बार. मांडीवर आडवी घेऊन वाजवतात त्या गिटारचा."

"सकाळपासून तिघांनी विचारलं, लसूण ठेचायचा आहे का म्हणून." हुइयाने हात पुढे करून तो घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. "माझ्या नवऱ्याचा आहे हा. घर आवरतेय, खोकेच्या खोके इकडे आणून टाकले. त्यात आला वाटतं." मग म्हणाली, "वाजवतेस तू?"

"वाजवायचे," बाई म्हणाल्या.

आता हे 'वाजवायचे' काय होतं ते सांगायला हवं. चौदाव्या वर्षी पुण्यात नारायण पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत विभावरीने हवाईयन गिटारचा क्लास लावला. तेव्हा फॅशनच होती ती. सतार महाग, पेटी सगळ्यांकडे, म्हणून मध्यमवर्गातल्या मुलींना गिटार. सर ऑर्केस्ट्रात वाजवायचे आणि सिनेमाची गाणी शिकवायचे. शब्द नाहीत, नुसती चाल, पण अशी वाजवायची की ऐकणाऱ्याला शब्द आठवले पाहिजेत. पुढे टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली, लग्न झालं, गंधार झाला. गिटार मात्र सुटली नाही, कारण सहकारनगरातल्या बायकांच्या भजनी मंडळाला पेटीवाली मिळेना. मग विभाची गिटार पेटीच्या जागी बसली. वसुंधरा मुख्य गाणारी. ती जे गाईल ते विभाने तसंच्या तसं, तिच्या पाठोपाठ, तारेवर म्हणायचं. वसुंधरा एखादी ओळ विसरली तरी श्रोत्यांना पत्ता लागत नसे, कारण गिटार पुढे चाललेली असे. वीस वर्षं असं. "विभाची गिटार म्हणजे गाणारीची सावली," असं बायका म्हणायच्या, आणि बाईंना ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

मग गंधारने न्यूझीलंडला बोलावलं. गिटार मंडळातच ठेवून आल्या. विमानात काय काय नेणार? आणि इथे आल्यावर त्या गंधारची आई झाल्या, इराची आजी झाल्या, शेजारच्या बाईंसाठी 'नाइस लेडी फ्रॉम नंबर नाइन' झाल्या. विभावरी म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. यात कुणाचा दोष होता असंही नाही. मुलगा-सून चांगली होती. पण बाईंना आत कुठेतरी ते लागत होतं, आणि बोलून दाखवावं तर सुधाकरराव त्यावर अर्धा तास बोलतील ही भीती.

"रविवारी क्लबमध्ये ये," हुइया म्हणाली. "महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. येताना खायला काहीतरी आण."

तर कंट्री म्युझिक क्लब. न्यूझीलंडच्या गावोगाव असे क्लब आहेत हे बाईंना तोवर ठाऊकही नव्हतं. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं गाणं. रेडिओवरून आणि तबकड्यांवरून ते इथल्या मेंढ्यांच्या रानात येऊन पोचलं, माओरी घरांमध्ये प्रत्येकाच्या हातात गिटार होतीच, आणि मग ते असं रुजलं की आता कुणी पाहुणं म्हणत नाही. रविवारी दुपारी एक वाजता कम्युनिटी हॉल उघडतो. दारात वहीत नाव लिहायचं. ज्याला गायचंय त्याने गावं, प्रत्येकाला दोन गाणी, सूर लागो न लागो. मागे क्लबचा स्वतःचा बँड बसलेला असतो, येईल त्याला साथ करणारा. मध्यंतराला चहा आणि ज्याने त्याने आणलेलं खाणं. शेवटी सोडत, बक्षीस म्हणजे मटणाचं मोठं पाकीट. त्या रविवारी ते पाकीट कोणाला लागावं? सुधाकररावांना. जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस मेंढीची अख्खी तंगडी पोटाशी धरून उभा, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. "ब्राह्मणाच्या हातात काय दिलंत," असं ते मराठीत म्हणत होते आणि इंग्रजीत 'थँक्यू, थँक्यू'.

बाई मात्र ऐकत होत्या. शब्द निम्मे कळत नव्हते. पण विषय कळत होते: दूर गेलेला नवरा, म्हातारी आई, पावसाने वाहून गेलेलं शेत, भावाने न धाडलेलं पत्र. म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचंच सगळं, फक्त घोडा जास्त. आणि चालीही इतक्या साध्या की दुसऱ्या कडव्याला बाईंची बोटं पदरावर चालू लागली.

स्टेजच्या बाजूला पांढरा बोर्ड होता. त्यावर बँडमधल्यांची नावं: बेस ग्रॅहम, ड्रम्स लिन, आणि खाली, स्टील टॉम. टॉमच्या नावापुढची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर एक आडवी गिटार, म्हणजेच ते स्टील, झाकून ठेवलेली.

"टॉम आलेले नाहीत का?" बाईंनी चहाच्या वेळी विचारलं.

"टॉम गेला," हुइया म्हणाली. "माझा नवरा. गेल्या वर्षी जुलैत. नाव पुसायला हात होत नाही कुणाचा. माझाही नाही."

मग तिने सरळ सांगितलं. ती ऑक्टोबरमध्ये घर विकून कायमची होकियांगाला, उत्तरेला, आपल्या माणसांत राहायला जाणार होती. एकोणऐंशी वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने या हॉलमध्ये गाणं म्हटलं होतं आणि प्रत्येक वेळी त्या खुर्चीवर टॉम होता. टॉम गेल्यापासून ती गायलीच नव्हती. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी क्लबचा वार्षिक दिवस. तेव्हा शेवटचं एक गाणं म्हणून जावं असं मनात होतं. "पण स्टीलशिवाय मी ते म्हणणार नाही. ऑकलंडमध्ये स्टीलवाले राहिलेत किती, आणि जे आहेत ते पबमध्ये वाजवतात." तिने बाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तू मला वाजवून देशील?"

विभावरीबाईंना काय वाटलं ते स्पष्टच सांगतो: आनंद झाला. चार वर्षांनी कुणीतरी त्यांच्याकडे त्यांचंच म्हणून काही मागत होतं. देवाने ऐकलं म्हणायचं, दुसरं काय.

गाणं एका बाईचं होतं. नवरा रस्ते बांधायच्या कामावर दूर गेलाय, आणि ही रोज नदीच्या उताराशी जाऊन पाणी किती चढलंय ते बघते. हुइयाने फोनवर नुसत्या गिटारवर म्हणून पाठवलं. बाईंनी टॉमची गिटार घरी आणली. तारा टॉमने निराळ्या लावल्या होत्या, पहिले दोन दिवस हात नुसता चाचपडला. पण तीन दिवसांत त्यांनी ते गाणं असं उचललं की हुइया कुठे आवाज जरा खाली सोडते, कुठे शब्द ओढते, सगळं तारेवर तसंच्या तसं. इरा नऊ वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "आजी, इट साउंड्स लाइक अ लेडी सिंगिंग." बाईंची छाती फुगली. सुधाकरराव म्हणाले, "मांडीवर घेऊन इस्त्री केल्यासारखं काय ते वाद्य. पण चालू दे."

पहिला सराव बुधवारी, ऑप-शॉप बंद झाल्यावर, हॉलमध्ये. हातात तीनच बुधवार होते. ग्रॅहम बेस घेऊन आला होता. सत्तरीचा, आयुष्यभर नळजोडणीची कामं केलेला, कमी बोलणारा. हुइयाने पहिली ओळ घेतली. बाईंनी ती ओळ तिच्याबरोबर वाजवली. सुरेख, काठोकाठ, एक श्रुतीही इकडची तिकडे नाही. दुसरी ओळ. हुइयाचा आवाज जरा आखडला. तिसऱ्या ओळीला ती थांबली.

"तू माझं गाणं म्हणतेयस," ती म्हणाली.

"हो," बाई हसून म्हणाल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

"मी म्हणत असताना तू नाही म्हणायचं."

बाई ग्रॅहमकडे बघू लागल्या. त्याने बेस खाली ठेवला आणि समजावलं. स्टील गाणाऱ्याबरोबर वाजत नाही. गाणारा ओळ संपवून श्वास घेतो, तेव्हा स्टील बोलतं, दोन-चार स्वर. गाणाऱ्याने तोंड उघडलं की पुन्हा गप्प. बस्स.

"म्हणजे ती गाताना मी काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही?" बाईंना खरंच कळेना. गाणारीला ऐन ओळीत एकटं सोडायचं? म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून यजमानिणीने उठून निघून जायचं. आपल्याकडे याला साथ म्हणत नाहीत, याला उद्धटपणा म्हणतात. पण त्यांनी मान डोलावली. पुन्हा सुरू झालं. हुइयाने ओळ घेतली आणि बाईंचा हात आपला चालू. त्यांनी थांबवला, तर अर्ध्या ओळीत पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा त्यांनी दात आवळून ओळभर हात धरला, तर ओळ संपल्यावर बोलायचीच विसरल्या, आणि हुइया पुढची घेते न घेते तोच घाईघाईने तिच्यावरून वाजवून मोकळ्या.

हुइया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "टॉम मी गाताना तारांवरून हात उचलायचा. नुसता ऐकायचा. मला माहीत असायचं की या हॉलमध्ये एक माणूस तरी ऐकतोय." मग कोट घालत म्हणाली, "राहू दे. मला वाटतं या वर्षी राहूच दे ते. तुझा दोष नाही."

बाई ट्रेनने घरी आल्या. कणीक अशी मळली की ओटा हलत होता.

"काय झालं?" सुधाकररावांनी विचारलं.

"काही नाही. मला वाजवता येत नाही असं ठरलं. सहासष्टाव्या वर्षी कळलं, बरं झालं." आणि मग त्या बोलत्या झाल्या. म्हणाल्या की ही कसली साथ, माणूस गातोय आणि आपण हात वर करून बसायचं, पोलिसांनी पकडल्यासारखं. म्हणाल्या की चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकच शिकवलं, लाइन गप्प पडता कामा नये. गप्प पडली की समोरच्याला वाटतं फोन कट झाला. सारखं बोलत राहायचं, होल्ड ऑन प्लीज, होल्ड ऑन प्लीज. आणि आता ही बया म्हणते गप्प बस.

सुधाकरराव एरवी मध्ये दहादा बोलले असते. आज पोळीचा तुकडा मोडून ऐकत होते. मग म्हणाले, "विभा, ही तर झील आहे."

"कसली झील?"

"अगं, पिंपरीला आमच्या कारखान्याच्या गणपतीत सावंत शाहीर पोवाडा म्हणायचा. मी तीन वर्षं मागे झीलकरी होतो. विसरलीस? शाहीर ओळ म्हणेल तोवर तोंड शिवलेलं. ओळ पडली की आम्ही, जी जी रं जी. पहिल्या वर्षी मला सगळा पोवाडा पाठ होता म्हणून मी त्याच्याबरोबर म्हणायला लागलो, तर त्याने भर मांडवात डफ माझ्या टाळक्यात हाणला. म्हणाला, घैसास, तू शाहीर का मी शाहीर?" सुधाकरराव हसले. "तुझी ती हुइया शाहीर आहे. तू पेटी नाहीस, तू झीलकरी. जी जी म्हण आणि गप्प बस."

बाई पोळी लाटायच्या थांबल्या. सिनेमाच्या चाली वाजवायच्या वाद्यावर 'जी जी रं जी' म्हणायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पण सर एकदा बोलले होते, ही गिटार हवाई बेटांवरून निघाली, तिथून अमेरिकेत गेली, कलकत्त्यात आली, सिनेमात शिरली. एकच लेक, तीन सासरं. प्रत्येक घरची रीत निराळी, आणि बाईंना ठाऊक होती ती एकाच घरची.

आणि आणखी एक आठवलं, ते त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. वसुंधरा एकदा तालमीत म्हणाली होती, "विभा, एकदा मला हे एकटीला म्हणू दे ना गं." बाईंना केवढा राग आला होता. चार दिवस त्या मंडळात गेल्या नव्हत्या, आणि वसुंधराने पुन्हा तो विषय काढला नव्हता. वीस वर्षांत त्या वसुंधरेने एक ओळ एकटीने म्हटली नव्हती. सावली, सावली म्हणून आपण मिरवलो, आणि उन्हात उभं राहावंसं वाटलं असेल तिला, हे मनात आलंच नाही. बाईंना फार वाईट वाटलं. पोळी करपली.

त्या संध्याकाळपासून सराव सुरू झाला. सुधाकरराव सोफ्यावर बसून सावंत शाहिराचा पोवाडा म्हणत, आठवेल तेवढा, बेसूर. बाई ओळीच्या शेवटी तारेवर 'जी जी' म्हणत. मध्ये हात गेला की सुधाकरराव चमच्याने ताट बडवत. गंधार ऑफिसची मीटिंग चालू असलेल्या खोलीतून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, माझे क्लायंट ऐकतायत."

"मग त्यांना सांग, शांत बसा. तेच शिकवतोय इथे," सुधाकरराव म्हणाले.

पुढच्या बुधवारी बाई दुपारीच ऑप-शॉपमध्ये गेल्या. हुइया लोकांनी आणून टाकलेल्या जँडल्सच्या जोड्या लावत होती. सपाता त्या, पण इथे जँडल्स म्हणतात, आणि एकीला दुसरी कधी सापडत नाही.

"आज हॉलमध्ये या," बाई म्हणाल्या. "मी वाजवणार नाही. नुसती खुर्चीवर बसते. तुम्ही म्हणा."

"वाजवणार नसशील तर येऊन काय करू?"

"तुम्ही म्हणालात ना, एक माणूस ऐकतोय असं वाटायचं. ते करते. तेवढं जमतं का बघते आधी."

हुइयाने दोन्ही हातांत एकेक सपात धरून त्यांच्याकडे पाहिलं. रंग एक होता, माप वेगळं. तिने दोन्ही खोक्यात टाकल्या आणि म्हणाली, "चार वाजता."

त्या दिवशी हुइयाने ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं आणि बाई दोन्ही हात तारांच्या वर चार बोटं धरून बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला गाताना नुसतं ऐकलं असेल. आजवर ऐकायचं ते पकडण्यासाठी, पुढचा स्वर कुठे पडतोय त्याच्या मागावर. आता पकडायचं काही नव्हतं तर गाणं निराळंच निघालं. हुइया ओळीच्या शेवटी श्वास घेते तो केवढा लांब असतो. त्यात ती नदीचं पाणी बघून घेते, आणि मग पुढची ओळ म्हणते. हे बाईंना आधी दिसलंच नव्हतं, कारण तिथेही त्यांनी स्वर भरून ठेवले होते.

दुसऱ्या खेपेला हुइया म्हणाली, "आता बोल." बाईंनी पहिल्या ओळीनंतर तीन स्वर वाजवले आणि हात उचलला. ग्रॅहमने मान हलवली. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं. तिसऱ्या बुधवारपर्यंत गाणं उभं राहिलं, क्लबातले बाईंना 'विव' म्हणू लागले, आणि हुइयाने दारातल्या वहीत वार्षिक दिवसाच्या पानावर आपलं नाव लिहिलं.

शेवटच्या रविवारी हॉल भरला. नव्वदेक माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची, काहींच्या डोक्यावर मोठ्या कडेच्या हॅट. टेबलावर केक, सँडविचेस, आणि घैसासांची कोथिंबीर वडी, जी मध्यंतराआधीच संपली. गंधार, सून आणि इरा मागच्या रांगेत. सुधाकरराव त्यांच्याशेजारी, ताटही नाही आणि चमचाही नाही, म्हणून हात कुठे ठेवावे ते न कळून बसलेले. बोर्डावर अजून तेच होतं: स्टील टॉम. बाई त्या नावाखाली जाऊन खुर्चीवर बसल्या. सगळ्यांनी बघितलं.

हुइयाने माइकशी येऊन फक्त एवढं सांगितलं, "हे टॉमसाठी. मग मी घरी जाते." आणि ती गाऊ लागली.

पहिलं कडवं नीट गेलं. ओळ, श्वास, तीन स्वर. ओळ, श्वास, दोन स्वर. बाईंचा हात आता भांबावत नव्हता. दुसऱ्या कडव्यात नवऱ्याची वाट पाहणारी बाई म्हणते की पाणी उतरलं, आता तू येशील. तिथे हुइयाची नजर सवयीने बाजूच्या खुर्चीकडे वळली. चाळीस वर्षं त्या जागी ती बघत आली होती. तिथे पातळ नेसलेली विभावरी घैसास होती.

हुइया थांबली. ओळ अर्धीच राहिली. तिचं तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता.

ग्रॅहमचा बेस मागे चालू होता, एक दोन, एक दोन, तेवढाच. आता बाईंचं काय झालं असेल ते बघा. ओळ त्यांना पाठ होती. बार तारांच्या वर चार बोटांवर होता, चार बोटं खाली आला की ओळ पुरी होणार होती. गाणारी विसरली तरी श्रोत्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, ही वीस वर्षांची सवय. लाइन गप्प पडली की कट होते, ही चौतीस वर्षांची. आणि वर ती बिचारी म्हातारी सगळ्यांसमोर उघडी पडलेली. डावा हात खरोखर दुखायला लागला.

बाईंनी हात उचललेलाच ठेवला. त्या हुइयाकडे बघत राहिल्या आणि ऐकत राहिल्या, ऐकायला काही नव्हतं तरी.

बेसची चार आवर्तनं झाली असतील, कदाचित पाच. हुइयाने नाक पुसलं. माइक जरा जवळ घेतला. आणि राहिलेली अर्धी ओळ तिने म्हटली, एकटीने, जाडसर फुटलेल्या आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत. मग तिने श्वास घेतला. तो श्वास पुरता झाल्यावर बाईंनी बार टेकवला आणि तीन स्वर वाजवले.

त्यानंतर गाणं सरळ पार पडलं. लोक उभे राहिले. इरा धावत येऊन म्हणाली, "आजी, दॅट वॉज स्वीट ॲज," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत फारच झकास, आणि केक आणायला गेली. सुधाकरराव आले, समोर उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना पहिल्यांदाच काही सुचलं नाही, आणि बाईंनी ती शांतता अजिबात मोडली नाही.

खुर्च्या आवरताना हुइया चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली.

"मी तुला एक खोटं सांगितलं," ती म्हणाली. "टॉम इतका वेळ थांबला नसता. मी एकदा अशी अडले होते, ब्याण्णव साली, तर त्याने लगेच वाजवून टाकलं. बाकीच्या वेळी हात उचलायचा, हे खरं. पण मी अडले की त्याला धीर नसायचा. घाबरायचा माझ्यासाठी." तिने चहा प्यायला. "आज मला कळलं, थोडं थांबलं असतं कुणी तर मी तेव्हाही आले असते परत."

बाईंना वसुंधरा आठवली. आज पुण्याला फोन करायचा, त्यांनी ठरवलं.

हुइया उठली. बोर्डापाशी गेली. बाहीच्या टोकाने तिने टॉमचं नाव पुसलं. एका फटक्यात नाही, अक्षर अक्षर करत, आणि वर्षभराची शाई असल्याने ते पुरतं गेलंही नाही, खाली फिकट राहिलंच. मग तिने पेन घेतलं.

"सगळे तुला विव म्हणतात इथे," ती पाठमोरीच म्हणाली. "विव लिहू?"

विव लिहिलं असतं तरी चाललं असतं, माणसं चांगली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "विभावरी. पूर्ण लिहा."

"मग सांग एकेक अक्षर."

बाईंनी एकेक अक्षर सांगितलं. हुइया एकेक लिहीत गेली, आणि प्रत्येक अक्षरानंतर पुढच्यासाठी थांबत गेली. पेन संपत आलं होतं, शेवटची दोन अक्षरं तिला दोनदा गिरवावी लागली.